जागा चुकलेलं एक क्रियाविशेषण

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामा अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेत होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स एकेक तुकडा सांगत होते आणि ओबामा तो उच्चारत होते. शपथेचे शब्द अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहून ठेवलेले आहेत. त्यात 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट' असं आहे, म्हणजे अध्यक्षपदाचं काम 'मी निष्ठेने पार पाडीन'. रॉबर्ट्स यांनी 'फेथफुली' हा शब्द तिथून काढून वाक्याच्या अगदी शेवटी नेला. ओबामा 'आय विल एक्झिक्यूट' एवढं म्हणून थांबले. रॉबर्ट्स यांनी सावरायचा प्रयत्न केला, पण शब्द मागेपुढे झाले ते झालेच. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये मोजक्या लोकांसमोर, खबरदारी म्हणून, ती शपथ पुन्हा घेतली गेली.

तिथे अर्थ बिघडला नव्हता. शपथेचा मजकूर घटनेने ठरवून दिलेला, म्हणून पुन्हा घ्यावी लागली. पण इंग्रजीत असे कितीतरी प्रसंग येतात, जिथे हाच प्रकार झाला तर अर्थ सरळ उलटा होतो. आपल्याकडे शाळेत क्रियाविशेषण ओळखायला शिकवतात. अधोरेखित करा, प्रकार सांगा, दोन गुण घ्या. ते वाक्यात ठेवायचं कुठे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. माझ्या मते मराठी माणसाची इंग्रजीत खरी अडचण तिथेच होते, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग जागेबद्दल आहे.

आधी थोडं मूळचं

वाक्यातली क्रिया कशी, कुठे, कधी, किती वेळा किंवा कितपत झाली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. इंग्रजीत त्याला अ‍ॅडव्हर्ब म्हणतात. 'शी सिंग्ज ब्यूटिफुली' मधला 'ब्यूटिफुली', 'कम हिअर' मधला 'हिअर', 'ही लेफ्ट यस्टरडे' मधला 'यस्टरडे' ही सगळी क्रियाविशेषणं.

पण हा शब्द फक्त क्रियेलाच चिकटतो असं नाही. 'व्हेरी टॉल' मध्ये 'व्हेरी' हा 'टॉल' या विशेषणाला जोर देतो. 'व्हेरी स्लोली' मध्ये तोच दुसऱ्या क्रियाविशेषणाला जोर देतो. आणि 'फॉर्च्युनेटली, द बस केम' मध्ये 'फॉर्च्युनेटली' बस कशी आली हे सांगतच नाही. बस आली ही गोष्ट बोलणाऱ्याला सुदैवाची वाटते, एवढंच तो सांगतो, म्हणजे अख्ख्या वाक्यावर तो मत देतो.

म्हणून क्रियाविशेषण दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: हा शब्द कोणाबद्दल बोलतोय? क्रियेबद्दल, शेजारच्या शब्दाबद्दल की पूर्ण वाक्याबद्दल? प्रकारांची यादी पाठ असण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाला येतो.

'ली' लागलं की झालं?

नाही. 'स्लो'चं 'स्लोली', 'क्विक'चं 'क्विकली' हे बहुतेक वेळा चालतं. मराठीत 'प्रामाणिक'चं 'प्रामाणिकपणे' होतं, तसंच हे. पण अपवाद रोजच्या वापरातले आहेत.

'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोन्ली', 'कावर्डली' यांच्या शेवटी 'ली' आहे, तरी ती विशेषणं आहेत. 'ही स्पोक फ्रेंडली' असं लिहिता येत नाही. 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' असंच म्हणावं लागतं. उलट 'फास्ट'ला 'ली' कधीच लागत नाही. 'अ फास्ट ट्रेन' मध्ये तो विशेषण आणि 'द ट्रेन रन्स फास्ट' मध्ये तो क्रियाविशेषण.

याचं कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक हलका स्वर जोडला की क्रियाविशेषण तयार होई. पुढे काही शतकांत बोलता बोलता तो स्वर झिजला, आणि 'फास्ट', 'हार्ड' यांसारख्या शब्दांची विशेषण आणि क्रियाविशेषण ही दोन्ही रूपं सारखीच होऊन बसली. घाटात 'ड्राइव्ह स्लो' असा फलक दिसतो, तोही याच जुन्या घराण्यातला. तो चुकीचा नाही. औपचारिक लेखनात 'स्लोली' लिहावं एवढंच.

खरा धोका आहे तो जोड्यांचा. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप मेहनत करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळपास कामच करत नाही. नोकरीच्या अर्जात हा फरक किती महागात पडेल याची कल्पना करून पाहा. 'ही केम लेट' म्हणजे तो उशिरा आला, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअर्ली' म्हणजे जवळजवळ. 'हाय' उंचीसाठी आणि 'हायली' प्रमाणासाठी. 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात, त्याचा आखूडपणाशी संबंध नाही.

'तो चांगला खेळतो' मधली अडचण

'ही प्लेज गुड' ही चूक आपल्याकडे एवढी का होते, याचं उत्तर मराठी व्याकरणात आहे. मराठीत आपण म्हणतो, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, मुलं चांगली खेळतात. इथे 'चांगला' खेळण्याबद्दल सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं करतो. रूप मात्र विशेषणाचं घेतो आणि लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. 'चांगला मुलगा' मधला आणि 'चांगला खेळतो' मधला शब्द एकच. त्यामुळे दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात, हे मराठी कानाला आपोआप जाणवत नाही.

इंग्रजीत ते लागतात. 'गुड' विशेषण, 'वेल' क्रियाविशेषण. 'ही इज अ गुड प्लेअर', पण 'ही प्लेज वेल'.

आता याच नियमाची दुसरी बाजू, जिथे नियम नीट शिकलेलाही अडखळतो. 'द फूड टेस्ट्स गुड' हे बरोबर आहे. इथे 'वेल' का नाही? कारण जेवण काही करत नाही, ते कसं आहे हे आपण सांगतोय. 'टेस्ट', 'स्मेल', 'लुक', 'साउंड', 'फील', 'सीम' ही क्रियापदं अशा वेळी 'आहे' या अर्थाने वापरलेली असतात आणि त्यांच्यापुढे विशेषण येतं. 'आय फील बॅड' म्हणजे मला वाईट वाटतं. 'आय फील बॅडली' असं म्हटलं तर ओढूनताणून अर्थ निघतो तो 'माझी जाणवण्याची क्षमताच वाईट आहे' असा. शंका आली तर क्रियापद काढून तिथे 'इज' ठेवून पाहायचं. 'द फूड इज गुड' हे अर्थपूर्ण वाक्य आहे, म्हणून विशेषण.

वाक्यात जागा कोणती?

मराठी ताट वाढताना मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे हे ठरलेलं असतं. जेवणाऱ्याचा हात न बघताही बरोबर जातो. इंग्रजी वाक्यातही क्रियाविशेषणांच्या जागा अशाच ठरलेल्या आहेत आणि वाचणाऱ्याचं मन त्यांची तिथेच वाट बघत असतं. या जागा तीन: वाक्याच्या सुरुवातीला, मध्ये क्रियापदाजवळ, आणि शेवटी.

सगळ्यात पक्का नियम आधी. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण घालायचं नाही. 'ही स्पीक्स वेल इंग्लिश' चूक. 'ही स्पीक्स इंग्लिश वेल' बरोबर. 'आय लाइक व्हेरी मच मँगोज' चूक. 'आय लाइक मँगोज व्हेरी मच' बरोबर.

असं का? मराठीत 'रामाने रावणाला मारलं' हे शब्द कसेही फिरवले तरी कोणी कोणाला मारलं ते कळतं, कारण 'ने' आणि 'ला' ते सांगतात. इंग्रजीत कर्माला 'ला' लागत नाही. क्रियापदाच्या लगेच पुढे बसणं हीच त्याची ओळख. मध्ये दुसरा शब्द शिरला की ती ओळख पुसट होते. कर्म खूप लांबलचक असेल तर मात्र ही मुभा मिळते. 'शी एक्सप्लेन्ड क्लिअरली व्हाय द ऑफिस वॉज क्लोज्ड' हे चालतं, कारण 'क्लिअरली' त्या लांब तुकड्याच्या शेवटी नेला तर तो 'क्लोज्ड'ला चिकटेल.

'ऑलवेज', 'युजुअली', 'ऑफन', 'नेव्हर' हे वारंवारता सांगणारे शब्द मधल्या जागेत बसतात. मुख्य क्रियापदाच्या आधी: 'शी ऑलवेज कम्स ऑन टाइम'. पण 'इज', 'आर', 'वॉज' असेल तर त्याच्या नंतर: 'शी इज ऑलवेज ऑन टाइम'. आणि साहाय्यक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या नंतर: 'शी हॅज ऑलवेज बीन ऑन टाइम'. 'डेली', 'एव्हरी डे', 'ट्वाइस अ वीक' असे नेमकी वेळ सांगणारे शब्द मात्र शेवटी जातात. म्हणून 'आय डेली गो टू जिम' कानाला खटकतं, 'आय गो टू द जिम एव्हरी डे' खटकत नाही.

शेवटच्या जागेत दोन-तीन क्रियाविशेषणं आली तर? पुस्तकात सूत्र असतं: आधी कसं, मग कुठे, मग कधी. 'शी सँग ब्यूटिफुली अ‍ॅट स्कूल यस्टरडे'. आता हेच मराठीत साधेपणाने म्हणून पाहा: 'काल शाळेत ती छान गायली'. कधी, कुठे, कसं. इंग्रजीच्या बरोबर उलटं! दोन्ही भाषांमध्ये 'कसं' हे क्रियापदाला सगळ्यात जवळ आहे आणि 'कधी' सगळ्यात लांब. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत आधी, म्हणून क्रम आरशात दिसावा तसा उलटला. मराठी वाक्य क्रियापदापासून मागे वाचत गेलं की इंग्रजीचा क्रम आपसूक मिळतो. जाण्या-येण्याच्या क्रियापदांना एवढी सूट आहे की ठिकाण आधी येतं: 'ही वेंट होम क्वाएटली'.

'ओन्ली' आणि आपला 'च'

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द. सीमाने ड्रायव्हरला दोनशे रुपये दिले, हे वाक्य घ्या.

'सीमानेच ड्रायव्हरला दोनशे रुपये दिले.' बाकी कोणी दिले नाहीत. इंग्रजीत 'ओन्ली सीमा पेड द ड्रायव्हर टू हंड्रेड रुपीज'.

'सीमाने ड्रायव्हरलाच दोनशे रुपये दिले.' इतर कोणाला नाही. 'सीमा पेड ओन्ली द ड्रायव्हर टू हंड्रेड रुपीज'.

'सीमाने ड्रायव्हरला दोनशेच रुपये दिले.' जास्त नाही. 'सीमा पेड द ड्रायव्हर ओन्ली टू हंड्रेड रुपीज'.

मराठीत 'च' ज्याला लागला त्याच्यापुरता अर्थ बंदिस्त होतो, शंकेला जागा उरत नाही. इंग्रजीत 'च'सारखं काही शब्दाला चिकटवता येत नाही. तिथे 'ओन्ली' ज्या शब्दाच्या आधी उभा राहील, त्याला तो बांधतो. म्हणून लिहिताना तो नेमक्या शब्दाच्या लगेच आधी ठेवावा.

मराठी माणसाची इथे एक खास अडचण होते. आपला 'च' दोन कामं करतो. 'दोनशेच रुपये' मध्ये तो 'फक्त' सांगतो, पण 'मी पुण्याचाच आहे' मध्ये तो नुसता जोर देतो. इंग्रजी 'ओन्ली' पहिलंच काम करतो. 'आय अ‍ॅम फ्रॉम पुणे ओन्ली' हे भारतात सगळ्यांना कळतं, भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून अभ्यासक त्याची नोंदही घेतात. आपापसात बोलताना त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण परदेशातल्या माणसाला पत्र लिहिताना तो वाचेल 'फक्त पुण्याचा', आणि त्यातून काय घ्यायचं हे त्याला कळणार नाही. तिथे 'ओन्ली' सरळ काढून टाकावा. बोलताना 'पुणे'वर आवाज चढवला की जोर पोहोचतो.

'नॉट' कुठे, 'रिअली' कुठे

शालेय व्याकरणात 'नॉट'ही क्रियाविशेषणातच धरतात. 'सगळे विद्यार्थी आळशी नसतात' हे वाक्य मराठीत कोणाला दुखावत नाही. काही असतील, सगळे नसतात, असंच आपण समजतो. त्याचं 'ऑल स्टुडंट्स आर नॉट लेझी' केलं की दोन अर्थ संभवतात: काही आळशी नाहीत, किंवा एकही आळशी नाही. 'नॉट ऑल स्टुडंट्स आर लेझी' असं लिहिलं की शंका संपते.

'रिअली'चा खेळ आणखी नाजूक आहे. 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे मला ते फारसं आवडत नाही. 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही. शब्द तेच, एका घराने सरकले. पहिल्यात 'नाही' हे 'खरोखर'ला लागू होतं, दुसऱ्यात 'खरोखर' हे 'नाही'ला. परदेशी सहकाऱ्याने आपल्या कामावर यातलं कोणतं वाक्य लिहिलंय, हे कळणं गरजेचं असतं.

स्वल्पविरामही अशीच कामगिरी करतो. 'ही डिड नॉट डाय हॅपिली' म्हणजे त्याला सुखाने मरण आलं नाही. 'हॅपिली, ही डिड नॉट डाय' म्हणजे सुदैवाने तो वाचला. आणि काही वेळा क्रियाविशेषण दोन क्रियापदांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघतं. 'स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन स्कोअर वेल' यात वारंवार सराव करणारे की वारंवार चांगले गुण मिळवणारे? वाक्य मोडून नव्याने लिहिणं हाच उपाय.

मराठीचा एक शब्द, इंग्रजीचे दोन-तीन

'अजून' घ्या. 'तो अजून झोपलाय' हे 'ही इज स्टिल स्लीपिंग'. 'तो अजून आला नाही' हे 'ही हॅजन्ट कम येट'. 'स्टिल' मध्ये, 'येट' शेवटी. 'ही स्टिल हॅजन्ट कम' असंही म्हणतात, पण त्यात वाट बघून कंटाळल्याचा सूर येतो. 'अजून थोडा भात' याचं तर 'सम मोअर राइस' होतं.

'खूप' घ्या. 'द टी इज व्हेरी हॉट' म्हणजे चहा खूप गरम आहे. 'द टी इज टू हॉट' म्हणजे इतका गरम की पिता येत नाही. दहावीच्या इंग्रजीत 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहायला लावतात आणि 'सो... दॅट... कॅनॉट' करायला शिकवतात, त्यामागचं कारण हेच आहे. 'टू'च्या पोटात एक 'नाही' दडलेला असतो. 'ही इज टू वीक टू वॉक' मध्ये कुठेही 'नॉट' नाही, तरी तो चालू शकत नाही. म्हणून शिक्षकांच्या कौतुकासाठी औपचारिक पत्रात 'यू आर टू काइंड' असं लिहिण्यापेक्षा 'व्हेरी काइंड' सुरक्षित.

'दोन वर्षांपूर्वी' याचं 'बिफोर टू इयर्स' होत नाही. आजपासून मागे मोजायचं तर 'टू इयर्स अगो'. आणि 'इनफ' हा शब्द विशेषणानंतर येतो पण नामाच्या आधी: 'गुड इनफ', पण 'इनफ मनी'.

'नो सूनर'चं कोडं

बोर्डाच्या परीक्षेतला आणखी एक जुना प्रश्न: 'नो सूनर... दॅन' वापरून वाक्य बदला. 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट'. मुलं हे साचा म्हणून पाठ करतात आणि 'डिड' कुठून आला हे कोणी विचारत नाही.

'नेव्हर', 'हार्डली', 'सेल्डम', 'नो सूनर' असे नकाराकडे झुकणारे शब्द जोर देण्यासाठी वाक्याच्या तोंडाशी आणले की, पुढचा क्रम प्रश्नार्थक वाक्यासारखा होतो. 'आय हॅव नेव्हर सीन सच रेन' याचं 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन'. प्रश्न करताना जसं 'डिड द बेल रिंग' म्हणतो, तसंच इथे. एवढं एक तत्त्व कळलं की चार साचे पाठ करावे लागत नाहीत. 'हार्डली'च्या जोडीला 'व्हेन' आणि 'नो सूनर'च्या जोडीला 'दॅन', हे मात्र लक्षात ठेवावं लागतं, कारण 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे आणि इंग्रजीत तुलनेला 'दॅन' लागतो.

एका शब्दावर दोन वर्षांची कैद

व्याकरणाचे हे बारकावे पुस्तकाबाहेर किती खोल जातात, हे न्यायालयांत दिसतं. अमेरिकेत एक कायदा आहे: काही ठरावीक गुन्हे करताना जो कोणी 'नोइंगली', म्हणजे जाणूनबुजून, दुसऱ्या व्यक्तीचं ओळखपत्र किंवा ओळख क्रमांक बेकायदा वापरेल त्याला दोन वर्षांची जादा कैद. मेक्सिकोहून आलेल्या एका कामगाराने पोलाद कारखान्यात नोकरीसाठी खोटी ओळखपत्रं दिली होती. त्यावरचे क्रमांक खऱ्या माणसांचे निघाले. क्रमांक खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. तो कोणा खऱ्या माणसाचा आहे हे ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नव्हतं.

वाद उरला तो क्रियाविशेषणाचा. 'नोइंगली' हा शब्द फक्त 'वापरेल' या क्रियापदाला लागू होतो, की पुढच्या 'दुसऱ्या व्यक्तीचं' इथपर्यंत पोहोचतो? सरकार म्हणालं, क्रियापदापाशी थांबतो. मे २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की तो शेवटपर्यंत पोहोचतो. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी साधं उदाहरण दिलं: एखाद्याने चीज घातलेलं सँडविच जाणूनबुजून खाल्लं असं आपण म्हणतो, तेव्हा तो सँडविच खातोय हेही त्याला माहीत होतं आणि त्यात चीज आहे हेही, असंच आपण धरतो. त्या कामगाराची जादा शिक्षा टिकली नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने 'डिसऑनेस्टली', 'फ्रॉड्युलंटली' आणि 'व्हॉलंटरिली' या तीन क्रियाविशेषणांच्या स्वतंत्र व्याख्याच दिल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या आहेत. कायद्याच्या भाषेत 'डिसऑनेस्टली' म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने. चोरीची व्याख्या याच शब्दावर उभी आहे. लग्नाच्या हॉलमधून तुम्ही आपलीच समजून दुसऱ्याची छत्री उचलून आणली, तर छत्री हलली, मालकाची संमती नव्हती, पण 'डिसऑनेस्टली' नव्हतं, म्हणून ती चोरी नाही. कृती तीच राहते, ती गुन्हा होते की नाही हे क्रियाविशेषण ठरवतं.

पण इंग्रजीचे नियम इंग्रजच मोडतात ना?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर असं की काही 'नियम' मुळात नियमच नव्हते. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण येऊ देऊ नये, हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात काही व्याकरणकारांनी त्यावर आक्षेप घेतला आणि शाळांनी तो डोक्यात भरवला. चांगले इंग्रजी लेखक त्याआधीही तसं लिहीत होते आणि नंतरही. 'टू फुली अंडरस्टँड' यात काही चूक नाही. रॉबर्ट्स यांच्याकडून 'फेथफुली' मागे का गेला, याचं स्पष्टीकरण देताना भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी हेच सुचवलं होतं: 'विल एक्झिक्यूट' हे क्रियापद फोडायचं नाही, या जुन्या सवयीने तो शब्द शेवटी ढकलला असावा.

'होपफुली, इट विल रेन' यावरही अनेक वर्षं टीका झाली. पाऊस आशेने कसा पडेल, असा युक्तिवाद होता. पण 'फॉर्च्युनेटली' जसा अख्ख्या वाक्याबद्दल बोलतो, तसाच हा. अमेरिकी पत्रकार ज्याच्या आधाराने लिहितात त्या असोसिएटेड प्रेसच्या लेखन-नियमावलीने २०१२ मध्ये हा वापर मान्य केला.

म्हणजे सगळंच चालतं, असं नाही. 'ही स्पीक्स वेल इंग्लिश' कोणताही इंग्रजीभाषक म्हणत नाही. भाषेच्या रचनेतून आलेले नियम आणि कोणाच्या तरी आवडीतून आलेले नियम हे वेगळे, आणि पहिल्या प्रकारचे पाळावेच लागतात.

क्रियाविशेषणं टाळावीत असंही सांगतात

लेखनाचे सल्ले देणारे हे आवर्जून सांगतात, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. 'ही वॉक्ड स्लोली अँड टायर्डली' यापेक्षा 'ही ट्रज्ड' (थकून पाय ओढत चालला) हे एकच क्रियापद जास्त दाखवतं. 'व्हेरी बिग'पेक्षा 'ह्यूज' नेटका. क्रियापदच काम करत असेल तर 'शाउटेड लाउडली' मधला 'लाउडली' नको, ओरडणं मोठ्यानेच असतं. पण हा सल्ला 'कसं' सांगणाऱ्या शब्दांपुरता आहे. 'नॉट', 'ओन्ली', 'ऑलमोस्ट', 'नेव्हर' काढले तर वाक्य खोटं होईल.

बोलताना एवढं कोण बघतं?

बोलताना खरंच बघावं लागत नाही. 'आय ओन्ली एट टू पोळीज' असं कोणी म्हटलं तर 'टू'वरच्या आघातावरून ऐकणारा समजतो. इंग्रजीभाषकही बोलताना 'ओन्ली' सर्रास क्रियापदाआधी ठेवतात आणि कोणाचा गैरसमज होत नाही. आवाज, चेहरा, प्रसंग यांची मदत असते.

लिहिलेल्या शब्दाला ती मदत नसते. भाड्याच्या करारात 'द टेनंट शॅल ओन्ली पे रेंट अँड वॉटर चार्जेस ऑन द फिफ्थ' असं लिहिलं, तर भाडेकरूने फक्त भाडं आणि पाणीपट्टीच द्यायची, की ती फक्त पाच तारखेलाच द्यायची? वीजबिल कोणी भरायचं यावर सहा महिन्यांनी वाद होईल, तेव्हा ते वाक्य लिहिणारा शेजारी उभा नसेल. 'ओन्ली ऑन द फिफ्थ' असं लिहिलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.